ब्रँडच्या मजकुरातला माणूस अप्रूव्हलच्या वाटेवर हरवतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनी लहान होती तेव्हा संस्थापक स्वतः ग्राहकांना मेल लिहायच्या आणि लोक आवर्जून उत्तरं पाठवायचे. आता मजकुराची वेगळी टीम आहे, टोन गाइड (म्हणजे ब्रँडने कशा भाषेत लिहावं याची मार्गदर्शिका) आहे, एआयची साधनं आहेत, वर्षभरात काय लिहायचं याचं कॅलेंडर भरलेलं आहे. तरी सगळं एकसुरी वाटतं, कुठल्याही कंपनीने लिहिलेलं असावं असं. मग गाइड नव्याने लिहायचं, की संस्थापकांनाच पुन्हा लिहायला बसवायचं?

माझ्या मते दोन्हीची घाई करू नका. बहुतेक ठिकाणी पहिला ड्राफ्ट ठीकठाक असतो. त्यात माणूस असतो. तो ड्राफ्ट अप्रूव्हलसाठी, म्हणजे मंजुरीसाठी, चार टेबलांवरून फिरून येतो तेव्हा त्यातला माणूस निघून गेलेला असतो. म्हणून गाइड उघडण्याआधी गेल्या महिन्यात पाठवलेला एखादा साधा मेल घ्या आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या एकापुढे एक लावून वाचा. नमुन्यादाखल मी एक रचून दाखवतो, पण असे मेल मी नेहमी पाहतो.

ऑर्डर वेळेत निघाली नाही. सपोर्टमधल्या एकीने लिहिलं: "तुमची ऑर्डर आज निघणार होती, ती निघाली नाही. गोदामातलं लेबल छापायचं मशीन सकाळपासून बंद आहे. उद्या दुपारपर्यंत ऑर्डर निघेल. तेवढं थांबणं शक्य नसेल तर खालच्या बटणावरून ती रद्द करा, पूर्ण पैसे परत मिळतील."

ऑपरेशन्सवाले म्हणाले, मशीन बंद पडल्याचं बाहेर कशाला सांगायचं? तिथे 'काही तांत्रिक कारणास्तव' आलं. लीगलने, म्हणजे कायदा विभागाने, 'उद्या दुपारपर्यंत' काढून 'लवकरात लवकर' घातलं, कारण तारीख दिली की ती पाळावी लागते. सेल्सने रद्द करायचं बटण खाली, बारीक अक्षरातल्या लिंकमध्ये ढकललं. मेल आता कोरडा वाटतोय असं ब्रँड टीमला जाणवलं, म्हणून त्यांनी सुरुवातीला 'तुमचं समाधान हेच आमचं पहिलं प्राधान्य' आणि शेवटी एक हसरा चेहरा जोडला.

शेवटी गेलेला मेल असा: "प्रिय ग्राहक, तुमचं समाधान हेच आमचं पहिलं प्राधान्य आहे. काही तांत्रिक कारणास्तव तुमच्या ऑर्डरला विलंब होत आहे. आमची टीम यावर काम करत असून लवकरात लवकर ऑर्डर रवाना केली जाईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. 🙂"

या चौघांपैकी एकाचंही म्हणणं वेडगळ नव्हतं. पण मिळून त्यांनी काय काढून किंवा लपवून टाकलं ते बघा: कारण, वेळ आणि पर्याय. खोळंबलेल्या माणसाला नेमकं हेच हवं होतं. पहिल्या मेलमध्ये आपुलकीचा एकही शब्द नाही, माफीसुद्धा नाही, तरी तो वाचताना समोर कोणीतरी आहे असं वाटतं. दुसऱ्यात प्राधान्य आहे, दिलगिरी आहे, हसरा चेहरा आहे, आणि समोर कोणीच नाही. ज्याला आपण मानवी आवाज म्हणतो तो बव्हंशी या तीन गोष्टींतून येतो, आणि चौथी म्हणजे सांगणाऱ्याने आपल्या सांगण्याची जबाबदारी घेणं. शब्दांची निवड त्यानंतर येते.

ही नुसती माझी समजूत नाही. टॉम केलेहर आणि बार्बरा मिलर यांनी २००६ साली संस्थांच्या 'संवादी मानवी आवाजा'चा अभ्यास केला आणि तो मोजण्यासाठी निकष मांडले. त्यांत बोलण्यासारखी भाषा आणि विनोद आहेतच, पण चूक झाली तर कबूल करणं, टीकेला लगेच आणि सरळ उत्तर देणं, संवादाला तयार असणं, इतकंच काय, स्पर्धकाच्या पानाची लिंक देणं, हेही आहे. म्हणजे यादीचा मोठा भाग वागण्याचा आहे. कॉपीरायटरच्या हातात त्यातला थोडाच असतो. एकट्या मजकुराच्या टीमला 'आवाज आणा' असं सांगून काम होत नाही ते यामुळेच.

तेव्हा पहिली दुरुस्ती अप्रूव्हलच्या पद्धतीत करा. प्रत्येक मजकुराला एकच लेखक असेल आणि लेखणी शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहील, असा नियम लावा. बाकीच्यांनी चूक दाखवावी, धोका दाखवावा, राहिलेली गोष्ट सांगावी. वाक्य मात्र लिहून देऊ नये. 'ही तारीख पाळता येणार नाही' ही सूचना झाली. 'इथे लवकरात लवकर असं टाका' ही सूचना नव्हे, तो दुसरा लेखक झाला. सुरुवातीला कुरबुर होते, कारण मोठ्या पदावरच्या लोकांना डॉक्युमेंट उघडून थेट बदल करायची सवय असते. पण हा एक नियम नेटाने पाळला तरी मजकुरात लगेच फरक दिसतो.

लीगलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं खापर त्यांच्यावर फोडायची पद्धत पडली आहे. त्यांच्याकडे मजकूर शेवटच्या दिवशी, संध्याकाळी जातो. विचार करायला वेळ नसला की माणूस सगळ्यांत सुरक्षित, म्हणजेच सगळ्यांत संदिग्ध शब्द धरतो. त्यांना सुरुवातीला बोलवा आणि 'हे चालेल का' असं न विचारता 'यात नेमका धोका कोणता' असं विचारा. वरच्या मेलमध्ये धोका तारखेच्या आश्वासनाचा होता. मग जे आपल्या हातात आहे तेच आश्वासन द्या: "उद्या दुपारपर्यंत ऑर्डर निघेल असा अंदाज आहे. नाही निघाली, तर उद्या चार वाजता आम्ही पुन्हा कळवू." मशीन कधी दुरुस्त होईल हे आपल्या हातात नसतं, पण चार वाजता कळवणं असतं. वकिलाला हे वाक्य चालतं आणि वाचणाऱ्याला दिवसाची आखणी करता येते. पुढची खबर कधी मिळेल हे सांगणं मी जवळजवळ प्रत्येक अडचणीच्या मेलमध्ये घालायला लावतो.

वाईट दिवशी ब्रँडचा आवाज खरा की उसना हे लगेच कळतं. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या शिकागोहून निघणाऱ्या विमानातून एका प्रवाशाला सीटवरून ओढत बाहेर काढलं गेलं. तो व्हिडिओ जगभर पोचला होता. दुसऱ्या दिवशी सीईओ ऑस्कर मुनोझ यांच्या निवेदनात माफी होती, पण ती प्रवाशांची 'फेरव्यवस्था' करावी लागल्याबद्दल. लोकांनी डोळ्यांनी जे पाहिलं होतं त्याचा त्या शब्दात मागमूस नव्हता. संताप वाढला आणि त्याच्या पुढच्या दिवशी, कोणाशीही असं वागलं जाऊ नये अशी सरळ माफी मागावी लागली.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका इंजिनिअरकडून दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवरचा चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीने काय केलं? दुरुस्तीच्या नोंदी ज्या गूगल डॉकमध्ये चालल्या होत्या तोच सगळ्यांसाठी खुला केला आणि यूट्यूबवर काम थेट दाखवलं. बॅकअपचे पाच मार्ग होते, त्यांतला एकही नीट चालत नव्हता, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. सुमारे सहा तासांचा डेटा गेला, लोकांचा कोड सुरक्षित आहे, हेही स्पष्ट सांगितलं. लाजिरवाणी माहिती होती, पण ती खरी होती आणि कळल्याबरोबर दिलेली होती. त्या नोंदींना कुठल्याही ब्रँड टीमचा हात लागला नव्हता. तरी, किंबहुना म्हणूनच, त्या वाचताना काम करणारी माणसं दिसतात. कोणाचं नाव पुढे करून त्याचा बळी दिला नाही, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

तिसरं उदाहरण विनोदाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये डिलिव्हरीची व्यवस्था बदलताना गडबड झाली आणि ब्रिटनमधल्या केएफसीच्या शेकडो शाखा चिकनअभावी बंद राहिल्या. त्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, तिच्यात स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून शिवीसारखी मांडली होती. सगळे त्या अक्षरांबद्दलच बोलतात. मी टीमला खालचा मजकूर वाचायला लावतो. त्यात ग्राहकांची माफी आहे, आणि खास करून वाट वाकडी करून आलेल्यांची, ज्यांना दार बंद दिसलं. ते वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंद दारापुढे उभा असलेला माणूस होता. विनोद चालला तो त्यामुळे. ती ओळ नसती तर ती अक्षरं नुसती चमकोगिरी ठरली असती.

डोळ्यांसमोर माणूस ठेवणं ही सवय लावून घेता येते. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने १९९८ मध्ये काढलेल्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शिकेच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे की त्यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या बहिणींशी बोलतोय अशी कल्पना ते करत. बहिणी हुशार होत्या, पण हिशेबाच्या किंवा अर्थकारणाच्या तज्ज्ञ नव्हत्या. ही पातळी फार नेमकी आहे: समोरच्याला कमी लेखायचं नाही आणि त्याला आपल्या धंद्याची परिभाषा येते असंही धरायचं नाही. टीमने बनवलेल्या ग्राहकांच्या काल्पनिक व्यक्तिरेखा इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्या कधी वैतागत नाहीत, कधी चुकीचं बटण दाबत नाहीत. त्यापेक्षा सपोर्टला आलेले कॉल ऐका. लेखकाने आठवड्यातून एक तास हेडफोन लावून कॉल ऐकायचे, हे मी कामाचा भाग म्हणून ठरवून देतो. ग्राहक तुमच्या वस्तूला काय म्हणतात, कुठे अडखळतात, 'म्हणजे नक्की काय' असं कुठे विचारतात, हे तिथे ऐकू येतं. तेच शब्द मजकुरात आले की निम्मं काम झालं.

तुमचं कॅलेंडर भरलेलं असूनही पोकळ वाटतं, त्याची मुळंही इथेच आहेत. विषय कुठून येतात ते तपासा. बहुधा लोक इंटरनेटवर जे शोधतात त्या शब्दांच्या यादीतून, स्पर्धकांच्या पोस्टमधून आणि दिनविशेषांतून येत असतील. या तिन्ही जागा सगळ्यांना सारख्याच खुल्या आहेत, मग मजकूर सारखा होणारच. तुमच्याकडे आणि फक्त तुमच्याकडेच असलेली माहिती तुमच्या लोकांच्या डोक्यात आहे: दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक आहे की वस्तू पहिल्यांदा कुठे बिघडते, विक्री करणारीला ठाऊक आहे की ती कोणाला घ्यायला सांगू नये. जॉन डिअर या शेती-यंत्रांच्या कंपनीचं नियतकालिक १८९५ पासून निघतंय, त्यात जाहिरातीपेक्षा शेतीच्या कामाची माहिती पुढे असते. इतकी वर्षं ते टिकलं याचं कारण मला त्यातच दिसतं. तेव्हा कॅलेंडरमधल्या निम्म्या जागा मोकळ्या करा आणि त्या 'आपल्यापैकी कोणाला काय माहीत आहे' या प्रश्नाने भरा. पोस्टची संख्या कमी होईल. होऊ द्या.

आता टोन गाइड. ते असावं, पण विशेषणांचं नको. 'मैत्रीपूर्ण, विश्वासार्ह, साधा' असं कोणाच्या गाइडमध्ये नसतं? त्यावरून लेखकाला काहीच ठरवता येत नाही. गाइडमध्ये वाक्यांच्या जोड्या ठेवा: आपण असं लिहितो, असं लिहीत नाही, आणि का. जोड्या खऱ्या, पाठवलेल्या मेलमधून घ्या. मेलचिंप या मेल पाठवायची सेवा देणाऱ्या कंपनीने त्यांच्या गाइडमध्ये आवाज आणि टोन वेगळे ठेवले होते ते मला आजही पटतं: आवाज कायम एकच, टोन मात्र वाचणारा त्या क्षणी कुठल्या मनःस्थितीत आहे त्यावर. पैसे कापले गेले पण ऑर्डर लागली नाही, अशा पडद्यावर 'अरेरे, काहीतरी गडबड झाली' हे लाडिक वाक्य वाचताना माणूस चिडतो. तिथे पैसे कुठे आहेत आणि कधी परत येतील एवढंच सांगा.

मानवी म्हणजे गप्पिष्ट, हा गैरसमज फार पसरला आहे. औषधाची मात्रा, सुरक्षेचा इशारा, खातं बंद होण्याची सूचना, इथे थोडक्यात आणि औपचारिक सांगणं हीच माणुसकी. आणि जिथे आपण नकार देतोय तिथे सलगी तर अजिबात नको. पैसे परत मिळणार नसतील तर 'हाय दोस्ता' म्हणून सुरुवात करणं अपमानकारक आहे.

कधी कधी कितीही घासलं तरी वाक्य जमतच नाही. तेव्हा लेखकाला दोष देण्याआधी नियम तपासा. समजा, सदस्यत्व ऑनलाइन घेता येतं, पण रद्द करायचं तर फक्त फोन करून, तेही कामाच्या वेळेत. याचं प्रामाणिक आणि मनमोकळं वाक्य कोण लिहू शकेल? जो लिहील तो खोटं लिहील. अशा वेळी मजकुराच्या टीमने 'हे लिहिता येत नाही' असं कळवून प्रकरण परत पाठवावं, तसा अधिकार तिला द्या. माझ्या दृष्टीने मजकुराच्या धोरणातलं हे सगळ्यांत मोलाचं काम आहे, आणि सगळ्यांत दुर्लक्षितही.

आता तुमच्याकडची एआयची साधनं. चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीस आलं, पण एकसुरीपणा त्याच्या आधीपासून होता. साधनाने तो फक्त स्वस्त आणि झटपट केला. अडचण ही होते की टीम त्याला विषय देते, माहिती देत नाही. मग ते सगळीकडे चालेल असं काहीतरी देतं. उलट क्रमाने करून बघा. ज्याला विषय माहीत आहे त्याच्याशी अर्धा तास बोला, रेकॉर्ड करा, मजकुरात उतरवा, आणि मग साधनाला कापायला, जुळवायला, क्रम लावायला सांगा. त्या माणसाची वळणं, उदाहरणं, ठाम मतं जशीच्या तशी ठेवायला सांगा, आणि शेवटचा हात माणसाचा असू द्या. साधनाकडून अनुभव मात्र कधी लिहून घेऊ नका. 'तुम्हाला किती त्रास झाला असेल हे मी समजू शकतो' असं बॉटने म्हणणं मला मान्य नाही. बॉटला ते समजत नाही, आणि वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं.

जबाबदारीचा प्रश्न इथेही सुटत नाही. कॅनडातल्या एका प्रकरणात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या वागण्याला ती स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने मांडला. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या नावाने जे बोललं जातं ते तुम्ही बोललात, यंत्राने बोललं तरी.

एकाहून जास्त भाषांत लिहीत असाल तर एक गोष्ट जरूर करा: दुसऱ्या भाषेच्या लेखकाला तयार वाक्यं देऊ नका, माहिती द्या. काय झालं, कोणाला सांगायचंय, त्याने काय करावं. मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजी मेल दिला की 'विलंब झाल्याबद्दल आम्ही क्षमाप्रार्थी आहोत' असं हमखास येतं. माहिती दिली की तोच 'उशीर झाला, माफ करा' लिहितो.

सुधारणा होतेय का, हे लाइक मोजून कळत नाही. मी दोन ठिकाणी बघतो. एक, एखादा मेल गेल्यावर त्याच विषयावर किती लोक पुन्हा फोन करतात. मजकुराने काम केलं असेल तर तो आकडा उतरतो. दुसरं, सपोर्टचे लोक तयार टेम्प्लेट पाठवण्याआधी त्यात काय बदलतात. अनुभवी माणसं टेम्प्लेटमधली पहिली दोन वाक्यं उडवतात आणि स्वतःचं एक वाक्य घालतात. ते बदल महिन्याला गोळा करा. तुमच्या ब्रँडचा खरा आवाज तिथे आयता लिहिलेला सापडेल, आणि गाइडमधल्या जोड्याही तिथूनच मिळतील.

राहिला प्रश्न संस्थापकांचा. त्यांना पुन्हा सगळं लिहायला बसवू नका. एका माणसाच्या हातावर अवलंबून असलेला आवाज तो माणूस रजेवर गेला की बंद पडतो. लोक त्यांना उत्तरं पाठवायचे याचं एक साधं कारण त्या मेलला उत्तर देता येत होतं, हेही होतं. आज तुमचे मेल 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून, म्हणजे ज्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून, जात असतील तर तो पत्ता आधी बदला. उत्तरं एखाद्या खऱ्या इनबॉक्समध्ये येऊ द्या, ती कोण वाचणार ते नावानिशी ठरवा, आणि संस्थापकांनी महिन्यातून एक दुपार ती वाचायला, त्यांतल्या काहींना स्वतः उत्तर द्यायला ठेवावी. लेखकांनी तेव्हा शेजारी बसावं. त्या कशाला हो म्हणतात, कशाला स्पष्ट नाही म्हणतात, कुठली सवलत लगेच देतात आणि कुठे अडून बसतात, हे सगळं टिपून घ्या. सुरुवातीचं काम म्हणून सगळ्यांत जास्त वेळा आपोआप जाणारा मेल निवडा, बहुधा तो ऑर्डरचा किंवा पासवर्डचा असेल, आणि वर सांगितलेल्या नियमाने, एका लेखणीने, तो एकदा नव्याने लिहून काढा. होमपेज नंतर घ्या.